पेटीतले मोडी कागद आणि आठवणीतली बोट: वाचकांचे प्रश्न

मागच्या महिन्यात मालवणात आमच्या वाचनालयात दर बुधवारी दुपारी चालणाऱ्या वर्गाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, साठीच्या पुढच्या लोकांनी एकत्र बसून आपल्या गावाचा इतिहास शिकायचा एवढाच तो वर्ग, पण त्यावर इतके मेसेज नि पत्रं आली की ह्या वेळचं सगळं सदर त्यालाच देतेय. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं कुणाचीच छापत नाही.

प्रश्न: ताई नमस्कार. मी एसटीत कंडक्टर होतो, वय ७१, गुहागर तालुका. जुनी अकरावी पास. गावाबद्दल वाचायची आवड आहे, पण इतिहास म्हटलं की सनावळ्या डोळ्यांपुढे येतात आणि आता तर काल काय जेवलो ते आठवत नाही. अशा माणसाने ह्या वयात कोर्स करावा का? तिथे प्राध्यापक मंडळी असतील तर आमचं काय काम?

उत्तर: काका, पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून अहमदनगरला गेली हे कुठल्याही पुस्तकात मिळतं, पण तुमच्या गावात पहिली गाडी कधी आली, त्याआधी रस्ता कुठल्या खाडीशी संपायचा, तिथून माणसं तरीने कशी पलीकडे जायची आणि हातात तिकिटांची पेटी घेऊन तुम्ही ज्या थांब्यावर आवाज द्यायचात त्या थांब्याचं नाव आधी काय होतं, हे कुठे छापलेलं आहे? तुम्हाला माहीत आहे आणि तुमच्याबरोबरच्या अजून चार जणांना, बस. प्राध्यापक आले तरी ह्या बाबतीत त्यांना तुमच्यासमोर वही उघडून बसावं लागेल.

आठवणीचं म्हणाल तर आमच्या वर्गात काल चष्मा कुठे ठेवला ते न आठवणारे बरेच आहेत, पण त्यांनाच साठ वर्षांपूर्वीची मुंबईची बोट अशी आठवते की ऐकत बसावं. एका बुधवारी विषयच बोट ठेवला होता. आमच्याकडे किनाऱ्याजवळ पाण्यात खडक फार, त्यामुळे बोट बाहेर समुद्रात उभी राहायची आणि माणसं पडावातून तिच्यापर्यंत जायची. एकाने उठून फळ्यावर पडाव काढला, बोटीची शिडी काढली, लाटेने पडाव वर आला की त्याच क्षणी वरचा खलाशी हात कसा धरायचा ते करून दाखवलं, तर मागून एक बाई म्हणाल्या अहो हात नाही, दंड धरायचा, हाताला बांगड्या असायच्या ना, फुटल्या तर बायका ओरडायच्या. हे मी कुठल्याच पुस्तकात वाचलेलं नाही. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी ते उतरवून घेतलं, कोण बोललं, त्यांचं वय काय, कुठल्या सालाच्या सुमाराची गोष्ट, सगळं.

पण काका, नुसतं आठवलं ते लिहिलं एवढ्यावर थांबायचं नाही आणि कोर्स लागतो तो त्यासाठी. आमच्यात ८६ वर्षांच्या एक आजी आहेत, माहेर अलिबागकडचं. रामदास बोट बुडाली त्याची त्यांना आठवण आहे, शेजारच्या घरातला माणूस गेला होता त्यात. त्या म्हणाल्या स्वातंत्र्य मिळालं त्याच्यानंतरची गोष्ट, दिवाळीच्या आसपासची. आम्ही तारीख बघितली, १७ जुलै १९४७, मुंबईहून रेवसला जाताना बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली, म्हणजे स्वातंत्र्याच्या आधी आणि भर पावसात, गटारीचा दिवस. आजी जरा गप्प झाल्या, मग म्हणाल्या, हो, बरोबर, बातमी आली तेव्हा आई शेतातून तशीच धावत आली होती, तिचे हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले होते, लावणी चालू होती. म्हणजे महिना त्यांच्या डोक्यात चुकला होता पण चिखल बरोबर होता! कागद आणि आठवण अशी शेजारी शेजारी ठेवायला शिकायचं, वर्गात आम्ही मुख्य हेच करतो. सनावळ्या पाठ करायला कुणी सांगत नाही, त्या वहीत लिहून ठेवायच्या आणि लागतील तेव्हा बघायच्या. तेव्हा जरूर करा, आणि जुनी वेबिलं, डायऱ्या, ड्युटीचे कागद काही राहिले असतील तर बरोबर न्या.

प्रश्न: देवगडहून लिहितेय. सासऱ्यांच्या वेळची एक पत्र्याची पेटी माळ्यावर आहे, आत जुन्या मोडी लिपीतले कागद, काही वाळवीने खाल्लेत. मुलगा म्हणतो आई टाकून दे, कोण वाचणार. मी ६६ वर्षांची, दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झालीत. मला आता मोडी येईल का?

उत्तर: टाकू नका हो, कृपा करून टाकू नका. माझ्या आजोळी असेच दोन गाठोडी कागद होते, कुणाला वाचता येत नव्हते म्हणून एका गणपतीत साफसफाई करताना बंबात गेले, मी तेव्हा कॉलेजात होते आणि पाणी तापल्यावर मला कळलं. त्यात काय होतं ते आता कधीच कळणार नाही.

आधी कागदांचं बघू, मोडीचं नंतर. पेटी पावसात उघडू नका, हवा कोरडी झाली की नोव्हेंबरात उघडा. पेटी माळ्यावरून खाली काढून भिंतीपासून लांब, लाकडी फळीवर ठेवा. कागद उन्हात वाळवायचे नाहीत, सावलीत सुती कपड्यावर पसरायचे, मऊ ब्रशने वाळवीची माती झाडायची. फाटलेल्याला सेलोटेप लावू नका, त्याचा डिंक पिवळा पडून कागद खातो, आणि लॅमिनेशन तर अजिबात नको, लोक प्रेमाने करून आणतात आणि मग तो कागद प्लॅस्टिकमधून कधी सुटत नाही. घडी मोडत असेल तर जबरदस्तीने उघडू नका. जे सहज उघडतील त्यांचे खिडकीच्या उजेडात मोबाईलवर सरळ वरून फोटो काढा, दोन्ही बाजूंचे, मागच्या बाजूला बरेचदा नाव नि तारीख असते. प्रत्येकाला नंबर द्या, नंबर वेगळ्या चिठ्ठीवर, कागदावर पेनाने नको. मग सुती कापडात बांधून ठेवा, आपल्याकडे दप्तरं रुमालात बांधायचे ते उगीच नाही. आणि कुणी म्हणालं द्या माझ्याकडे, वाचून आणून देतो, तर फोटो द्या, मूळ कागद घराबाहेर काढू नका.

आता मोडी. येईल, नक्की येईल, आणि डोळ्यांचं म्हणाल तर मोबाईलवर फोटो मोठा करून वाचता येतो, ही सोय आपल्या आधीच्या जाणकारांना नव्हती. मोडीत लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घ्यायचा आणि तिला अक्षरं लटकवत जायचा, हात शक्यतो उचलायचा नाही, दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, ऱ्हस्व दीर्घ एकच. म्हणून पहिल्यांदा बघितलं की सगळी ओळ म्हणजे एक लांबच लांब गुंता वाटतो. पण ह्या कागदांची भाषा ठरलेली असते, सुरुवातीला श्री, मग राजश्री अमुक गोसावी यांसी, विनंती विशेष, शेवटी बहुत काय लिहिणे, हे शब्द एकदा डोळ्यात बसले की बाकीच्या अक्षरांचे धागे त्यांच्यावरून सुटत जातात. आमच्याकडे लोकांना तीनेक महिन्यांत माणसांची नि गावांची नावं लागायला लागली, रोज अर्धा तास हाताने गिरवलं तर. नुसतं बघून मोडी येत नाही, लिहूनच येते. शासनाचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ (१९१० सालचं) घेतं.

तारखेची गंमत वर्गात सगळ्यांना सगळ्यात जास्त आवडते. कागदावर लिहिलेलं असतं ‘सन इहिदे अशर मयातैन व अलफ’. हे अरबी आकडे आहेत, इहिदे म्हणजे एक, अशर दहा, मयातैन दोनशे, अलफ हजार, झाले १२११. हा शुहूर सन, मृगाला सुरू होणारा, त्यात ५९९ मिळवले की १८१०, आणि तारीख जानेवारीपासून मृगापर्यंतची असेल तर ६०० मिळवायचे, १८११. शक असेल तर ७८ मिळवायचे, पौष अर्ध्यावर गेल्यावर ७९. आमच्यातल्या एका निवृत्त पोस्टमास्तरांनी हा तक्ता करून मोबाईलच्या कव्हरच्या आत चिकटवलाय.

एक सांगून ठेवते, म्हणजे नंतर वाईट वाटायला नको. पेटीत महाराजांचं पत्र निघणार नाही बहुतेक. निघेल ते गहाणखत, खोताची (गावाचा सारा गोळा करणाऱ्याची) पावती, मुंबईला गिरणीत गेलेल्या कुणाचं पैसे पाठवल्याचं पत्र, कलमांच्या बागेचा हिशेब. आंब्याच्या पेटीला त्या काळी भाडं किती पडायचं हे देवगडच्या एका घरातल्या वहीत सापडलं तर मला तरी ते पत्राइतकंच मोलाचं वाटेल. आणि जमिनीचा वाद कोर्टात चालू असेल तर ते कागद आधी वकिलाला दाखवा, वर्गात नंतर आणा.

प्रश्न: नातवंडांना विजयदुर्ग दाखवायला नेलं. लहानपणापासून ऐकत आलोय तेच सांगितलं की हेलियमचा शोध ह्याच किल्ल्यावर लागला. नातू मोबाईल बघून म्हणाला आजोबा, चूक. खरं काय? मला फार लागलं ते.

उत्तर: लागणारच, आपल्या किल्ल्याची गोष्ट आहे. पण नातवाचं बरंचसं बरोबर आहे. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण भारतातून दिसलं, तेव्हा जान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ आंध्रातल्या गुंटूरला दुर्बीण लावून होता. लॉकियर ह्या ज्या इंग्रज शास्त्रज्ञाचं नाव आपण ह्या शोधासाठी घेतो तो तेव्हा इंग्लंडातच होता, त्याने ऑक्टोबरात तिथूनच, ग्रहण नसताना, सूर्याच्या कडेच्या उजेडात हेलियमची ती पिवळी रेघ बघितली. पृथ्वीवर हेलियम रॅमसे ह्या शास्त्रज्ञाला मिळाला तो १८९५ मध्ये.

मग आपली गोष्ट कुठून आली? तर लॉकियर विजयदुर्गाला खरोखर आला होता, पण १८९८ साली, २२ जानेवारीच्या ग्रहणाला, मोठा लवाजमा आणि यंत्रं घेऊन. तिथे साहेबाचा ओटा म्हणून जो दाखवतात त्याची आठवण ह्याच मुक्कामाची असावी आणि पुढे माणसाचं नाव एकच म्हणून तीस वर्षांपूर्वीचा शोध तिला चिकटला असावा, असं मला वाटतं. नातवाला हे दोन्ही सांगा. आणि मग त्याला १७५६ सांगा, इंग्रज आणि पेशवे मिळून तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर आले, इंग्रजांचे क्लाईव्ह आणि वॉटसन दोघे तिथे होते, आंग्र्यांचं आरमार जळलं. आपल्याच पेशव्यांनी आपलंच आरमार बुडवायला हात दिला हे वर्गात निघालं तेव्हा तासभर भांडण चाललं होतं, कुणीही चहाला उठलं नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले त्यात विजयदुर्ग आहे, सिंधुदुर्ग नि सुवर्णदुर्ग पण आहेत, आता बाहेरची माणसं येऊन विचारणार, तेव्हा आपल्याला खरं तेच सांगता यायला हवं.

प्रश्न: सर्टिफिकेट मिळतं का? ऑनलाईन चालेल का? फी किती?

उत्तर: आमच्याकडे सर्टिफिकेट नाही, फी चहापुरती. सर्टिफिकेट हवंच असेल तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, वयाची आडकाठी नाही. केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर इतिहासाचे कोर्स फुकट बघता येतात, परीक्षा द्यायची असेल तरच पैसे. पण तुमच्या वाडीचा इतिहास तिथे मिळणार नाही.

प्रश्न: आमचा वेंगुर्ल्याचा ज्येष्ठ नागरिक संघ. असा कोर्स आम्हाला सुरू करायचाय. पहिल्या कार्यक्रमाला डच वखारीवर मोठा वक्ता आणायचा विचार आहे, हॉल ठरवलाय. काय काय लागेल ते सांगाल का?

उत्तर: वक्ता आणा, वखार बघायला पण सगळ्यांना न्या, पण कोर्स त्याने सुरू करू नका. मोठं भाषण झालं की लोक टाळ्या वाजवून घरी जातात आणि पुढच्या आठवड्याला निम्मे येतात, आमचं पहिल्या वर्षी हेच झालं. दुसऱ्या वर्षी आम्ही एकच वाडी घेतली, दहा आठवडे, आणि शेवटपर्यंत खुर्च्या कमी पडल्या.

परदेशात हे बरंच आधीपासून चालतं, फ्रान्समध्ये तुलूजला १९७३ साली ज्येष्ठांसाठी विद्यापीठ निघालं, इंग्लंडात केंब्रिजला पुढे त्यांनी जरा वेगळं केलं, पीटर लॅसलेट नावाचे इतिहासाचेच अभ्यासक त्यात पुढे होते, तिथे सभासदच एकमेकांना शिकवतात, परीक्षा नाही काही नाही. आपल्याला ही दुसरी रीत जास्त जमते, कारण आपल्याकडे संघात मास्तर असतात, तलाठी असतात, खलाशी असतात, सुईणी असतात.

वेळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी धरा. जूनपासून लावणी, मग गणपती, मार्चपासून आंबा-काजू आणि शिमगा, तेव्हा कुणी येत नाही आणि येऊही नये. दुपारची वेळ, खाली जिने नसलेली जागा, जवळ बाथरूम, आणि एक माईक, लहान खोली असली तरी माईक, कारण ज्यांना कमी ऐकू येतं ते तसं सांगत नाहीत, नुसते यायचे बंद होतात.

पहिल्या दिवशी वाडीचा नकाशा मोठ्या कागदावर काढा, सगळ्यांनी मिळून, विहिरी, साकव, पाखाड्या, आगर, खाजण, देवळं, आणि प्रत्येकाचं बोलण्यातलं नाव लिहा, सातबारावरचं नाही. दुसऱ्या दिवशी १८८० चं रत्नागिरी-सावंतवाडीचं इंग्रजी गॅझेटियर, ते नेटवर फुकट मिळतं, आपल्या गावाबद्दलची पानं कुणीतरी मराठी करून मोठ्याने वाचायची. मग विचारायचं, ह्यात कोण नाही? साहेबाने बंदर लिहिलं, माल लिहिला, किल्ला लिहिला. बायका नाहीत, कुळं नाहीत. तिसऱ्या दिवसापासून तेच शोधायचं. शाळेचं जुनं जनरल रजिस्टर आणि शेरेबुक मुख्याध्यापकांना रीतसर पत्र देऊन बघायला मागा, त्यात कुठल्या साली कुठल्या वाडीची मुलं पहिल्यांदा शाळेत आली ते दिसतं, मुलींची नावं कधी सुरू झाली ते दिसतं. देवळाबाहेर वीरगळ, सतीशिळा असतील तर फोटो काढा, त्यांना रंग शेंदूर काही लावू देऊ नका. सड्यावर, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावर, एक फेरी ठेवा, चालता येईल त्यांच्यासाठी. रत्नागिरी, राजापूर, लांज्याकडची कातळशिल्पं, २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेलेली, त्यातली कितीतरी अभ्यासकांना सापडली ती गुरं राखणाऱ्या माणसांना विचारत विचारत. त्यांना ती आधीपासून ठाऊक होती, कुणी विचारलंच नव्हतं.

आणि हे जरा स्पष्ट लिहिते. गावाचा इतिहास म्हणजे मानकऱ्यांचा इतिहास असं होऊ देऊ नका. पहिल्या दिवसाचं निमंत्रण सगळ्या वाड्यांत जाऊ दे, हातात जाऊ दे, देवळाच्या बोर्डावर लावून भागत नाही. अलिबागजवळच्या चरीचा शेतकऱ्यांचा संप १९३३ साली सुरू झाला नि सहा वर्षं चालला, बाबासाहेबांनी १९३७ मध्ये खोतीविरुद्ध विधेयक मांडलं, खोती कायद्याने गेली १९४९ ला. तुमच्या संघात खोताच्या घरातले असतील आणि कुळाच्या घरातलेही, दोघांचे वडील एकाच अंगणात उभे असायचे, एक ओटीवर आणि एक खाली. आमच्याकडे एका काकांनी हे पहिल्यांदा बोलून दाखवलं, वडिलांना ओटीवर का बसवत नव्हते ते, आणि समोर ज्यांची ओटी होती ते काका ऐकत होते. खोलीत कुणी हललं नाही. पुढच्या बुधवारी ते दुसरे काका घरातली खंडाची (कुळांनी जमिनीपोटी द्यायच्या वाट्याची) वही घेऊन आले. भांडण होईल ही भीती मला पण वाटली होती, झालं नाही. मानपानाचा वाद कुठे चालू असेल तर तो मात्र वर्गात आणू नका, त्यात हातातलं काम राहतं.

बायकांसाठी एक दिवस वेगळा धरा, पुरुषांसमोर त्या अर्ध्याच बोलतात. आमच्याकडे नुसतं विचारलं की लग्नाआधीचं तुमचं नाव काय, आणि तुमच्या सासूचं, आणि तिच्या सासूचं. तीन पिढ्यांपलीकडे एकीलाही जाता आलं नाही आणि तेवढ्यावरून जे बोलणं निघालं ते लिहून घ्यायला आम्हाला तीन बुधवार लागले.

प्रश्न: (हा व्हॉइस मेसेज आलाय, तसाच लिहितेय.) बाय, माका लिवाक वाचूक येणा नाय. वय अठ्ठ्याहत्तर. आमी रापणीवाले. माजो तुमच्या वर्गात काय उपेग?

उत्तर: आजी, तुमचा मेसेज मी चार वेळा ऐकला. रापण ओढायला किनाऱ्यावर किती माणसं लागायची, मासळीचे वाटे कसे पडायचे, जाळ्याच्या मालकाला किती नि ओढणाऱ्याला किती, बायकांचा वाटा वेगळा असायचा की नवऱ्याच्यातच, ओढताना काय म्हणायचात, वारा बदलला हे तुम्ही कशावरून ओळखायचात, हे आमच्या वर्गात कुणालाच सांगता येत नाही, गेल्या वर्षी आम्ही रापणीला एक बुधवार दिला होता आणि अर्ध्या तासात सगळ्यांचं बोलणं संपलं. लिहायचं काम आमचं. नातवाला किंवा सुनेला बरोबर घेऊन या, मोबाईलवर रेकॉर्ड ते करतील आणि एक कॉपी तुमच्याच घरी राहील. दांडी किनाऱ्यावरून यायला रिक्षा नाही मिळाली तर ह्याच नंबरवर परत मेसेज टाका, मी स्वतः न्यायला येते. बुधवारी तीन वाजता.